मुरलेल्या तंत्राचे नावीन्य : हातातील व्हिडिओ गेम यंत्रांच्या इतिहासातील एक प्रश्न

१

व्हिडिओ गेमचा इतिहास आजवर मुख्यतः दोन पद्धतींनी लिहिला गेला आहे. पहिली पद्धत यंत्राच्या क्षमतेची. कोणत्या साली कोणते यंत्र बाजारात आले, त्याचा पडदा केवढा होता, त्यावर किती रंग दिसत, त्याचा प्रोसेसर किती वेगाने चाले, यांची कोष्टके मांडावयाची आणि त्या कोष्टकांच्या चढत्या क्रमालाच प्रगती म्हणावयाचे. शौकिनांसाठी निघणारी नियतकालिके या पद्धतीची जननी होत. नवे यंत्र घ्यावे की न घ्यावे हे वाचकाला सांगणे हा त्यांचा व्यवसाय असल्याने त्यांना ही पद्धत सोयीची वाटली, यात नवल नाही. दुसरी पद्धत थोर कल्पकाची. एखाद्या पुरुषाला एके दिवशी एक कल्पना सुचली आणि तीमधून एक युग निर्माण झाले, अशी तिची मांडणी असते.

हातात धरून खेळावयाच्या यंत्रांच्या इतिहासात या दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी जपानमधील निन्टेन्डो कंपनीची १९८० ते १९९६ या काळातील यंत्रे हे उदाहरण घेतले आहे. क्षमतेच्या कोष्टकात खालच्या पायरीवर असलेले यंत्र या काळात वरच्या पायरीवरील यंत्रांवर निर्विवाद मात करताना दिसते. असे का घडले, या प्रश्नाला एक प्रसिद्ध उत्तर आहे, आणि ते कल्पकाच्या नावाने सूत्ररूपात सांगितले जाते. ते सूत्र कोठवर खरे आहे आणि कोठे त्याची मर्यादा लागते, हे तपासणे हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

२

निन्टेन्डोची स्थापना क्योतो येथे १८८९ साली झाली. 'हानाफुदा' नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविणे हा तिचा मूळ धंदा. या कंपनीत १९६५ साली गुन्पेई योकोई हा दोशिशा विद्यापीठाचा तरुण पदवीधर नोकरीस लागला. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे हे त्याचे काम. फावल्या वेळात त्याने लांबविता येणारा एक पकड-हात बनविला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या तो दृष्टीस पडला आणि १९६६ साली 'अल्ट्रा हँड' या नावाने विक्रीस आला. त्याचा खप दहा लाखांवर गेला आणि देखभालीचा अभियंता खेळणी बनविणारा झाला. पुढील घटनांच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. योकोई विद्युत्-शाखेचा पदवीधर असला, तरी त्याची दृष्टी खेळणी करणाऱ्याची होती. अमुक भाग किती नवा आहे यापेक्षा त्यापासून कोणती गंमत उत्पन्न होईल, हा त्याचा पहिला प्रश्न असे.

त्याच काळात जपानमध्ये खिशातील कॅल्क्युलेटरांचे युद्ध पेटले होते. कॅसिओ कंपनीने १९७२ साली 'कॅसिओ मिनी' हा कॅल्क्युलेटर १२,८०० येनला काढला. पुढल्याच वर्षी शार्प कंपनीने द्रव-स्फटिकाचा म्हणजे एलसीडी पडदा असलेला 'ईएल-८०५' आणला. तो एका पेन्सिल सेलवर सुमारे १०० तास चाले. पुढील सहा-सात वर्षांत या स्पर्धेने कॅल्क्युलेटर पातळ होत गेला आणि त्याची किंमत कोसळली. पडदे आणि त्यांना चालविणाऱ्या चकत्या मुबलक, स्वस्त आणि खात्रीच्या झाल्या.

या पडद्याचे कार्य थोडक्यात सांगणे अवश्य आहे. दोन काचांच्या मध्ये द्रव-स्फटिकाचा अत्यंत पातळ थर असतो. काचेच्या आतील बाजूस पारदर्शक विद्युत्-वाहक आकृती काढलेल्या असतात. ज्या आकृतीवर विद्युत्-दाब द्यावा तेवढ्याच भागातील प्रकाश अडविला जातो आणि ती आकृती काळी दिसते. पडदा स्वतः प्रकाश देत नाही, बाहेरून आलेल्या उजेडाचाच उपयोग करतो. त्यामुळे त्याला लागणारी वीज नगण्य असते. कॅल्क्युलेटरमध्ये या आकृती म्हणजे अंकांचे तुकडे असत. त्यांच्या जागी माणसाचे हात, चेंडू, मासा किंवा माकड काढले, तर काय होईल?

योकोईच्या आठवणीप्रमाणे, शिन्कान्सेन गाडीत कंटाळलेला एक नोकरदार प्रवासी कॅल्क्युलेटरच्या कळा दाबीत वेळ घालविताना त्याला दिसला आणि त्यावरून ही कल्पना त्याला सुचली. या हकिकतीला त्याच्या आठवणीवाचून दुसरा आधार नाही, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. परंतु या कल्पनेचे फलित मात्र निश्चित आहे. २८ एप्रिल १९८० रोजी 'गेम अँड वॉच' या मालिकेतील 'बॉल' हे पहिले यंत्र ५,८०० येनला विक्रीस आले. खेळ नसेल तेव्हा ते घड्याळ असे. १९९१ पर्यंत या मालिकेत सुमारे साठ यंत्रे निघाली आणि निन्टेन्डोच्या आकडेवारीप्रमाणे जगभर ४ कोटी ३४ लाख नग खपले.

या यंत्रातील एकही प्रमुख भाग नवा नव्हता. तथापि खिशात मावणारे, बटनाएवढ्या सेलवर दीर्घकाळ चालणारे, आगगाडीत कोणाच्या लक्षात न येता खेळता येणारे असे हे यंत्र एकत्रित रूपात नवे होते. इतकेच नव्हे, तर खिशाच्या मर्यादेतूनच एक खरीखुरी नवी वस्तू जन्माला आली. १९८२ साली 'डाँकी काँग' हा खेळ दोन पडद्यांच्या, डबीसारख्या मिटणाऱ्या यंत्रात बसवावयाचा होता. वर येणारा दांडा ठेवला असता तर डबी मिटली नसती. म्हणून अधिक-चिन्हाच्या आकाराची चपटी कळ योजण्यात आली. १५ जुलै १९८३ रोजी निघालेल्या 'फॅमिकॉम' या घरगुती यंत्रात तीच कळ आली आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक कंपनीच्या यंत्रात ती कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते.

३

योकोईने आपल्या कार्यपद्धतीला दिलेले नाव १९९७ साली मुलाखतींच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकातून सर्वत्र झाले. जपानीत ते 'कारेता गिजुत्सु नो सुइहेई शिको' असे आहे. इंग्रजीत 'कारेता' या विशेषणाचे भाषांतर बहुधा 'सुकलेले' किंवा 'कोमेजलेले' अशा अर्थाच्या शब्दाने केले जाते आणि त्यामुळे हे सूत्र म्हणजे जुनाट मालाचा पुरस्कार आहे, असा समज पसरला आहे. शब्दशः पाहता 'कारेता' म्हणजे वाळलेले हे खरे. परंतु अभियंत्यांच्या बोलीत त्याचा अर्थ वापरून वापरून ज्याचे सर्व गुणदोष कळून चुकले आहेत असे, असा होतो. कलावंताच्या परिपक्व, निवलेल्या शैलीसंबंधीही जपानीत हाच शब्द योजतात. मराठीत या अर्थाच्या अगदी जवळ जाणारा शब्द आपल्यापाशी आहे. लोणचे मुरते, गवई मुरतो. तसे तंत्रही मुरते. 'मुरलेल्या तंत्राचा आडव्या दिशेने विचार' असे या सूत्राचे रूपांतर करता येईल. आडव्या दिशेने म्हणजे त्याच तंत्राची क्षमता वर वाढवीत न जाता, ते बाजूच्या, अनपेक्षित क्षेत्रात नेऊन.

मुरणे म्हणजे काय, हे विरुद्ध उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. अमेरिकेतील मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९७९ साली, म्हणजे 'गेम अँड वॉच'च्या एक वर्ष आधी, 'मायक्रोव्हिजन' हे यंत्र काढले. त्यात कार्ट्रिज बदलून निरनिराळे खेळ खेळता येत आणि पडद्यावर ठराविक आकृतींच्या ऐवजी १६ गुणिले १६ ठिपक्यांची जाळी होती. कोष्टकाच्या दृष्टीने हे यंत्र 'गेम अँड वॉच'च्या पुढे होते. दहा वर्षांनंतर आलेल्या 'गेम बॉय'चे ते पूर्वज म्हणावे लागेल. परंतु त्याचे पडदे काळे पडून निकामी होत. ठिपक्यांची संख्या इतकी अल्प होती की त्यावर विविध खेळ रचणे दुष्कर झाले, आणि त्याच्यासाठी निघालेल्या कार्ट्रिजांची संख्या डझनभराच्या आसपासच राहिली. कल्पना योग्य होती, परंतु तंत्र कच्चे होते. यावरून प्रथमत्वाचा मान आणि ऐतिहासिक परिणाम या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे उघड होते.

४

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये 'गेम बॉय' १२,५०० येनला विक्रीस आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत सुमारे ९० डॉलरला. त्याचा पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, हिरवट पार्श्वभूमीवर चार छटा दाखविणारा आणि मागे दिवा नसलेला होता. झपाट्याने हलणारी आकृती त्यावर पुसट होई. चार पेन्सिल सेलवर तो सुमारे १५ तास, पुष्कळदा त्याहूनही अधिक चाले.

त्याच वर्षी अमेरिकेत अटारी कंपनीने 'लिंक्स' हे यंत्र सुमारे १८० डॉलरला आणले. त्याची मूळ रचना एपिक्स कंपनीत, 'अमिगा' संगणकाच्या निर्मितीत भाग घेतलेल्या अभियंत्यांनी केली होती. त्याचा पडदा रंगीत होता, मागे दिवा होता, आणि आकृती लहानमोठ्या करण्याची सोय यंत्रातच होती. जपानमध्ये ऑक्टोबर १९९० मध्ये सेगा कंपनीचा 'गेम गिअर' १९,८०० येनला आला. तोही रंगीत आणि दिव्याचा. सेगाच्या अमेरिकेतील जाहिरातींत 'गेम बॉय'च्या रंगहीन पडद्याची उघड टर उडविली जाई. ही टर खोटी नव्हती. दोन यंत्रे शेजारी ठेवून पाहणाऱ्या कोणालाही कोणते अधिक देखणे, हे सांगावे लागत नव्हते.

तरीही परिणाम काय झाला? 'गेम बॉय' आणि १९९८ साली आलेली त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक नग खपले. 'गेम गिअर'चा खप सुमारे १ कोटी ६ लाखांवर थांबला, आणि 'लिंक्स' त्याहूनही बराच मागे राहिला.

या फरकाचे एक कारण साध्या अंकगणिताने सांगता येते. 'लिंक्स' आणि 'गेम गिअर' यांना प्रत्येकी सहा पेन्सिल सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. चार तास ही मधली संख्या धरली, तर ६० तासांच्या खेळासाठी या यंत्रांना ९० सेल लागतील. 'गेम बॉय'ला १६ पुरतील. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, सेलची मात्र दर आठवड्याला. ज्या मुलाला हातखर्चाला मिळणारे पैसे मोजून खर्च करावे लागतात, त्याच्या दृष्टीने रंगीत यंत्र हे नित्य खर्चाचे आणि पुष्कळदा बंद पडलेले यंत्र होते. भिंतीवरील विजेला जोडून ते चालविता येई हे खरे. पण मग ते हातातील यंत्र उरले नाही.

येथे एक महत्त्वाचा तपशील लक्षात घेतला पाहिजे, कारण त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. जुन्या तंत्राने नव्या तंत्रावर मात केली, असे या स्पर्धेचे वर्णन करण्याचा मोह होतो. परंतु 'गेम गिअर'ची अंतर्रचना ही बव्हंशी सेगाच्याच १९८५ सालच्या घरगुती यंत्राची होती. त्याचा प्रोसेसर 'गेम बॉय'च्या प्रोसेसरहून काही अधिक वेगवान नव्हता. म्हणजे चकत्यांच्या बाबतीत दोन्ही कंपन्यांनी मुरलेलेच तंत्र घेतले होते. भेद होता तो पडद्यामागील दिव्याचा. १९९० च्या सुमारास असा दिवा म्हणजे एक चिमुकली फ्लुओरेसेंट नळी असे, आणि सेलमधील शक्तीचा मोठा वाटा तीच खाई. रंग आणि दिवा ही कल्पना चुकीची नव्हती. तिला साजेल असा वीजसाठा त्या काळी स्वस्त नव्हता. जपानपुरता मर्यादित राहिलेला १९९८ चा 'गेम बॉय लाइट' वगळला, तर निन्टेन्डोने आपल्या हातातील यंत्राला दिवा दिला तो २००३ साली, 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी' मध्ये, आणि तोही पुनःपुन्हा भरता येणाऱ्या लिथियम बॅटरीसह. 'गेम बॉय' आणि हे यंत्र यांत चौदा वर्षांचे अंतर आहे.

यावरून पहिला निष्कर्ष असा निघतो की, मुरलेपण हा एखाद्या सुट्या भागाचा गुण मानता येत नाही. पडदा, दिवा, सेल, किंमत आणि खेळाची जागा या सर्वांचा परस्परांशी जो मेळ बसतो, त्याचा तो गुण आहे.

५

तथापि सेलचे गणित हे पुरेसे उत्तर नव्हे. स्वस्त आणि दीर्घकाळ चालणारे यंत्र निरुपयोगीही असू शकते. 'गेम बॉय'च्या यशात दोन खेळांचा वाटा निर्णायक होता, आणि दोन्ही खेळ त्याच्या उणिवांशी जुळणारे होते.

पहिला 'टेट्रिस'. मॉस्को येथील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात अलेक्सी पाजित्नोव याने १९८४ साली 'एलेक्त्रोनिका ६०' या संगणकावर हा खेळ रचला. त्या संगणकाच्या पडद्यावर चित्रे काढण्याची सोय नव्हती. अक्षरचिन्हांच्या जोड्यांनीच ठोकळे दाखविलेले होते. १९८९ साली हेंक रॉजर्स याने मॉस्कोला जाऊन 'एलोर्ग' या सोव्हिएत सरकारी संस्थेकडून हातातील यंत्रांसाठी या खेळाचे हक्क मिळविले. अमेरिकेत 'गेम बॉय'बरोबर मारिओचा खेळ न देता हाच खेळ द्यावा, असा आग्रह रॉजर्सने निन्टेन्डोच्या तेथील शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांच्याकडे धरला. मारिओ लहान मुलांना आवडेल, 'टेट्रिस' सर्वांना, असे त्याचे म्हणणे होते. हा खेळ रंगाविना काहीही गमावत नाही, कारण ठोकळे आकाराने ओळखता येतात. संथ पडद्यावरही तो पुसट होत नाही. दोन स्थानकांच्या मधील दहा मिनिटांत एक डाव पुरा होतो.

दुसरा खेळ 'पोकेमॉन'. 'गेम बॉय'च्या कडेला दोन यंत्रे जोडणाऱ्या तारेसाठी एक खाच होती. ती प्रारंभी समोरासमोर सामने खेळण्यासाठी ठेवलेली होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये सातोशी ताजिरी याच्या गेम फ्रीक या संस्थेने या खेळाच्या लाल व हिरव्या अशा दोन आवृत्त्या काढल्या. दोहोंत सापडणारे प्राणी काही अंशी निराळे ठेवले होते. संग्रह पुरा करावयाचा तर मित्राजवळ जाऊन तारेने देवघेव करणे भाग होते. त्या वेळी 'गेम बॉय' सात वर्षांचा झाला होता आणि घरगुती यंत्रांत त्रिमितीय चित्रांचे युग सुरू झाले होते. क्षमतेच्या कोष्टकाप्रमाणे निवृत्त व्हावयास पाहिजे असे यंत्र याच खेळाने पुन्हा तरुण केले. नावीन्य येथे चकतीत नव्हते. ते दोन मुलांच्या मधल्या तारेच्या उपयोगात होते.

६

येथवरचे विवेचन वाचून योकोईचे सूत्र सिद्ध झाले, असे कोणास वाटेल. परंतु एखादे सूत्र कोणत्या प्रसंगी खोटे पडते, हे पाहिल्याविना त्याची कसोटी लागत नाही. असा प्रसंग योकोईच्याच कारकिर्दीत घडला. १९९५ साली निन्टेन्डोने त्याच्या नेतृत्वाखाली 'व्हर्च्युअल बॉय' हे यंत्र काढले. त्यात लाल एलईडी दिव्यांची एक रांग आणि कंप पावणारा आरसा यांच्या साहाय्याने दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे दाखवून खोलीचा भास निर्माण केला जाई. लाल एलईडी हे तंत्र तेव्हा पूर्णपणे मुरलेले आणि स्वस्त होते. त्याचा वापरही अत्यंत अनपेक्षित क्षेत्रात केला होता. म्हणजे सूत्राच्या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या. तरीही सुमारे ७ लाख ७० हजार नगांवर त्याची विक्री थांबली आणि वर्षभराच्या आत ते गुंडाळावे लागले.

कारणे उपयोगाच्या बाजूला सापडतात. यंत्र टेबलावर ठेवून त्यात डोळे खुपसून बसावे लागे, म्हणजे ते धड खिशातले नव्हते आणि धड बैठकीतलेही नव्हते. खेळणाऱ्याला काय दिसते ते शेजाऱ्याला दिसत नसे. काळ्यावर लाल चित्रे फार वेळ पाहिल्याने डोळे शिणत. मुरलेल्या तंत्राचा आडवा विचार येथेही होता. परंतु तो ज्या जागी नेला ती जागा कोणाच्याही दिनचर्येत रिकामी नव्हती.

कल्पकाच्या चरित्राच्या बाजूनेही एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. 'गेम बॉय'च्या निर्मितीतील प्रमुख अभियंता सातोरू ओकादा याने पुढे मुलाखतीत असे सांगितले की, योकोईच्या मनात 'गेम अँड वॉच'चा साधा वारस होता. अधिक समर्थ आणि दीर्घकाळ खेळ पुरविले जाणारे यंत्र करावे, हा आग्रह त्याचा स्वतःचा होता व त्यावरून दोघांत वाद झाले. ही एका पक्षाची साक्ष आहे. परंतु योकोईच्या आठवणी आपण स्वीकारतो, तर ओकादाच्या आठवणीला तोच न्याय लावला पाहिजे. ती ग्राह्य धरली, तर 'गेम बॉय' हे निव्वळ काटकसरीचे फळ ठरत नाही. कमी आणि अधिक यांच्यातील वादातून साधलेली ती तडजोड ठरते. योकोईने ऑगस्ट १९९६ मध्ये निन्टेन्डो सोडली आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्याचा अंत झाला. त्याचे सूत्र सांगणारे पुस्तक त्याच वर्षीचे. अकाली मृत्यू आलेल्या माणसाच्या शेवटच्या शब्दांना उपदेशाचे रूप येते, हे इतिहासाच्या अभ्यासकास अन्य क्षेत्रांतूनही परिचित आहे.

७

या प्रश्नाचा आपल्याकडील अनुभवाशीही संबंध पोहोचतो. १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील मुलांच्या हाती जे यंत्र मोठ्या प्रमाणात आले, ते 'ब्रिक गेम' या नावाने विकले जाई. खेळण्यांच्या दुकानांत आणि रस्त्यावरील विक्रेत्यांकडे ते मिळे. त्याच्या आवरणावर '९९९९ खेळ' असे छापलेले असे. प्रत्यक्षात मूळ खेळ थोडेच असत. वेग आणि पातळी यांचे फरक मोजून ती संख्या फुगविलेली असे. त्याच्या पडद्यावर चौकोनी ठोकळ्यांची ठराविक जाळी असे. म्हणजे तंत्र 'गेम अँड वॉच'चे आणि मुख्य खेळ 'टेट्रिस'च्या धर्तीचा, असा हा संकर होता. जागतिक कोष्टकांत या यंत्राला स्थान नाही. परंतु आपल्याकडील एका पिढीचा हातातील खेळाशी पहिला परिचय ज्या यंत्राने झाला, त्याला वगळून लिहिलेला इतिहास हा ग्राहकांच्या एका वर्गाचा इतिहास होईल. १९९७ साली 'नोकिया ६११०' या दूरध्वनीत आलेल्या आणि पुढे त्या कंपनीच्या अनेक संचांतून भारतभर पसरलेल्या 'स्नेक' या खेळाविषयीही हेच म्हणता येईल. त्याचा पडदाही रंगहीनच होता.

मग अशा यंत्रांचा इतिहास का लिहिला गेला नाही? यामागे साधनांचा प्रश्न आहे. क्षमतेची कोष्टके छापील असतात, ती टिकतात. उपयोगाचा पुरावा मात्र नाशवंत असतो. जुन्या पडद्यांवरील ध्रुवक पापुद्रे खराब होतात, सेल गळून आतील पट्ट्या गंजतात, कार्ट्रिजमधील स्मृती जपणारी बॅटरी मरते आणि तिच्याबरोबर एखाद्या मुलाने शेकडो तास खेळून जमविलेला संग्रह नाहीसा होतो. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत, त्या देशात प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत, असे आढळून आले. जे टिकते त्याच्यावरून इतिहास लिहिला जातो. आणि टिकलेली आहेत ती कोष्टके.

शौकिनांच्या बाजारात अलीकडे घडलेली एक गोष्ट या संदर्भात उद्बोधक आहे. २०२२ साली 'स्टीम डेक' हे घरच्या संगणकावरील खेळ हातात आणणारे यंत्र आले, आणि जून २०२५ मध्ये निन्टेन्डोचे 'स्विच २'. कोष्टकाची चढण चालूच आहे. परंतु त्याच २०२२ साली 'प्लेडेट' हे यंत्रही आले. त्याचा पडदा केवळ काळा-पांढरा, मागे दिवा नसलेला. कडेला मात्र फिरवावयाचा एक छोटा दांडा. त्यापूर्वी डिसेंबर २०२१ मध्ये, जुनी 'गेम बॉय' कार्ट्रिजे चालविण्यासाठी बनविलेले 'अ‍ॅनालॉग पॉकेट' आले होते. म्हणजे नव्याचा हव्यास ज्यांच्या नावाने सांगितला जातो, त्या शौकिनांनाच मुरलेले तंत्र नवे म्हणून विकले जात आहे. ही निव्वळ स्मरणरंजनाची लाट आहे की मर्यादेतून येणाऱ्या रचनेची पुन्हा झालेली ओळख, याचा निवाडा करण्यास अद्याप अवधी आहे.

सारांश, हातातील व्हिडिओ गेमच्या इतिहासात नावीन्य मोजण्याचे माप यंत्राच्या उदरात सापडत नाही. 'मायक्रोव्हिजन' नवे असून फसले, 'गेम बॉय' मुरलेला असून जिंकला, आणि 'व्हर्च्युअल बॉय' मुरलेला असूनही हरला. तिन्हींचा उलगडा होतो तो ते यंत्र कोणाच्या दिवसातील कोणत्या रिकाम्या जागेत, किती खर्चात आणि कोणाच्या सोबतीत बसले, या प्रश्नाच्या उत्तराने. योकोईचे सूत्र हा प्रश्न विचारावयास शिकविते, म्हणून ते मोलाचे; ते उत्तर मानले की त्याचाही एक तक्ताच होतो. आपल्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात काम करावयाचे असेल, तर त्यांनी कोष्टकांपासून प्रारंभ न करता घरोघरी कपाटांत पडून असलेल्या बंद यंत्रांपासून आणि ती ज्यांनी वापरली त्यांच्या आठवणींपासून करावा. यंत्रे आणि आठवणी या दोहोंचेही आयुष्य मर्यादित आहे, आणि जी पिढी त्यांविषयी प्रत्यक्ष सांगू शकेल ती आज आपल्यामध्ये आहे.